नाना सुरुवात करतात

चिखलोलीत आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना घरी रायफलची काडतुसं भरतात, अशी बातमी तुमच्या कानावर आली असेल तर ती अर्धीच खरी धरा. नाना काडतुसं भरायला सुरुवात करतात. भरतात म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि असलं बोलणं जिन्यात कोणी ऐकलं तर आमच्या सोसायटीवरही.

सुरुवात हाच नानांचा खरा व्यवसाय. यापूर्वी त्यांनी मधमाश्या पाळायला सुरुवात केली होती. पेटी आली, जाळीची टोपी आली, धूर करायचं यंत्र आलं, माश्या तेवढ्या यायच्या राहिल्या. त्याआधी मोडी लिपी. बोरू तासून झाले, शाई घोटून झाली, कागद कसा खळवावा यावर दोन रविवार चर्चा झाली आणि ‘श्री’ लिहून वही मिटली गेली. होमिओपॅथीची लाकडी पेटी अजून फ्रिजवर आहे. प्रत्येक विषयाची एक लांबुळकी वही, वर टपोऱ्या अक्षरात विषयाचं नाव आणि खाली ‘भाग 1’. भाग 2 मी तरी पाहिलेला नाही.

हा स्वभाव इतर ठिकाणी खटकला असता. चिखलोलीत खपून जातो. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांच्या मधलं आमचं गाव. इथल्या कित्येक इमारती ‘नियोजित चिखलोली रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटं’ या एका ओळीवर विकल्या गेल्या. ती पाच मिनिटं चालायची तयारी आमची पहिल्या दिवसापासून होती. ‘होणार’ या शब्दावर कर्ज काढून राहणाऱ्या वस्तीत नानांना नावं कोण ठेवणार?

आता काडतुसंच का, हा प्रश्न. त्याचं उत्तर नाना छाती पुढे काढून देतात, “अहो, सगळी नोकरी ऑर्डनन्समध्ये गेली!” अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ते होते हे शंभर टक्के खरं. पण होते टाइम ऑफिसात. कामगार फाटकातून आत येताना पितळी बिल्ला उचलणार, जाताना परत टांगणार आणि कोणाचा बिल्ला उशिरा हलला याची नोंद नाना करणार. पितळेशी त्यांचा आलेला संबंध तो एवढाच. 2021 साली ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सरकारने सात कंपन्या केल्या. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली आणि शेजारचा एमपीएफ हा दुसरा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. नाना त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झालेले. तरी “मला कोणी विचारलं नाही” ही त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी असणार यात शंका नाही.

ठिणगी पडली अमेरिकेत. नानांची मुलगी ॲरिझोनात असते. बाळंतपणासाठी नाना-नानी सहा महिने तिकडे गेले. नानींना काम होतं, नानांना नव्हतं. शेजारी एक म्हातारा राहायचा, त्याचं गॅरेज दुपारभर उघडं. आत गाडी नव्हती, एक टेबल होतं. टेबलाला बोल्टने आवळलेला हातदांड्याचा प्रेस, एक छोटा तराजू, डब्या आणि दिव्याखाली ओळीने मांडलेली रिकामी पितळी काडतुसं. तिकडे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला साधा परवानाही लागत नाही. म्हाताऱ्याला ऐकणारा हवा होता, नानांना विषय हवा होता. दोघांच्या इंग्रजीचा एकमेकांना फारसा उपयोग नसल्यामुळे मैत्री पक्की झाली.

परत निघताना म्हाताऱ्याने नानांच्या हातावर आठवण म्हणून एक रिकामं काडतूस ठेवलं. नानांनी ते पायमोज्यात घालून बॅगेत ठेवलं. नानींनी बॅग लावताना ते काढलं आणि शेजाऱ्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली म्हणून तासन्‌तास जबाब देत बसलेल्या माणसांच्या बातम्या नानी वाचतात, नाना वाचत नाहीत. त्या एका कृतीने नानींनी नवरा आणि विमान दोन्ही वाचवलं. नाना मात्र आजही सांगतात, “ते पितळ असतं ना हाताशी, तर आज मी कुठे असतो!” नानी आतून सांगतात कुठे असता ते.

सामान आलं नाही, वही मात्र आली. ‘काडतूस पुनर्भरण : भाग 1’. आणि खरं सांगतो, ती वही चांगली आहे. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी आत जाते, दारू पेटून तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे लोटतो. गोळी गेली, दारू गेली, प्रायमर खलास झाला, पण पुंगळी तशीच राहते. आणि चारांत महाग तीच. म्हणून ती पुन्हापुन्हा वापरायची, हा सगळ्या उद्योगाचा पाया. दुसरं कारण नेमाचं. दुकानातला माल सगळ्यांच्या बंदुकांसाठी केलेला असतो, घरी भरलेलं काडतूस आपल्या एका बंदुकीच्या मापाने करता येतं.

वायूच्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या खोबणीला चिकटते, म्हणून ती साच्यात दाबून परत मापावर आणायची. लांबली असेल तर तोंड छाटायचं. तडा दिसला तर फेकून द्यायची, माया करायची नाही. हे सगळं सांगताना नानांचे हात नकळत त्या नसलेल्या प्रेसचा दांडा ओढत असतात. प्रायमर समजावताना ते खिडकीतून अंबरनाथच्या दिशेला हात करतात. तिकडे विमकोचा काड्यापेट्यांचा जुना कारखाना होता. “प्रायमर म्हणजे पितळेच्या वाटीतली विमकोची काडी! इकडे काडी, तिकडे पितळ. मधे आपण. चिखलोलीच्या नशिबातच आहे हे!”

त्यांचा सर्वांत आवडता परिच्छेद बॉक्सर आणि बर्डन यांच्यावर आहे. प्रायमरच्या या दोन जाती. बॉक्सर इंग्रज अधिकारी, बर्डन अमेरिकन. दोघांचे शोध 1866च्या आसपासचे. पण इंग्रजाचा प्रायमर अमेरिकेने उचलला आणि अमेरिकनाचा युरोपातल्या सैन्यांनी. बॉक्सरच्या पुंगळीला आत मधोमध एकच भोक, त्यामुळे सुई घालून जुना प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. बर्डनला दोन बारकी भोकं, तीही मधोमध नाहीत. तिथे सुई घातली की सुईच मोडते. घरी भरणारे म्हणून बॉक्सरचे भक्त. नाना ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत, मयताच्या बाकावर आणि एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणीपट्टीच्या विषयावर बोलताना सांगून गेले आहेत.

आता सराव. सुरुवात करणाऱ्या माणसाला साहित्य नसलं तरी चालतं, सरावाचं साहित्य लागतं. पुंगळ्या नाहीत म्हणून नानांनी घरातली सगळी जुनी बॉलपेनं गोळा करून त्यांची टोपणं काढली. दारूऐवजी रवा. दारू गोल दाण्यांची असते, चपट्या कण्यांची असते, बारीक कांड्यांचीही असते, म्हणून दुसऱ्या दिवशी शेवया चुरून ‘कांडी दारू’चा सराव. तराजू उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला, सोनाराचा जुना हातकाटा. दारू तोलतात ग्रेनमध्ये. हा ग्रेन परका नाही. इंग्रजांनी 1833 साली तोळ्याचं वजन ठरवून टाकलं ते 180 ग्रेन. पूर्वीच्या चांदीच्या रुपयाचं वजनही तेच. आणि शिकारीच्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीच्या गोळीचं एक नावाजलेलं वजन किती? 180 ग्रेन. “म्हणजे तोळ्याची गोळी!” नाना म्हणाले, तेव्हा मला पहिल्यांदा त्या वहीबद्दल आदर वाटला. नानी म्हणाल्या, “आजच्या भावाने तोळ्याची गोळी झाडणारा परवडेल का कोणाला?” नानींचा हिशेब सोन्याचा होता.

एका रविवारी सकाळी मला वर बोलावणं आलं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर नानींचं आप्पेपात्र, त्याच्या खळ्यांत एकेक टोपण तोंड वर करून उभं. पंखा बंद, कारण वाऱ्याने काटा हलतो. फोन बंद. नाना सांगत होते, “या कामात लक्ष विचलित झालेलं चालत नाही. एका पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटते. म्हणून भरून झाल्यावर प्रत्येकीत बॅटरी मारून बघायचं. टाका उजेड.” मी बॅटरी धरली. नाना चिमटीने रव्याचा एकेक कण पारड्यात टाकत होते. काटा सरळ झाला की श्वास रोखून पारडं उचलायचं, कागदाच्या नळकांड्यातून रवा टोपणात सोडायचा आणि वहीत खूण करायची. घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता, पुसायला हात मोकळा नव्हता. पाचव्या टोपणाला काटा सरळ होईना. एक कण जास्त होता, तो काढावा तर दोन यायचे. 

इतक्यात स्वयंपाकघरातून नानी आल्या. हातात आंबलेल्या पिठाचं पातेलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आप्पेपात्राकडे पाहिलं आणि काही न बोलता टोपणांसकट ते उचललं. 

“अगं, भरलेली आहेत ती!” नाना ओरडले.

“माहितीये. 40 ग्रेन रवा. उपमा व्हायचा नाही त्यात.”

टोपणं सिंकमध्ये गेली. नानांनी वहीत लिहिलं, ‘पहिली खेप : सुरक्षितपणे निकामी केली.’

पितळ घासण्याचा प्रयोग मी पाहिला नाही, त्याचे परिणाम पाहिले. तिकडे काडतुसं चकचकीत करायला थरथरणाऱ्या पिंपात आक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घोळवतात. हे खरं आहे. नानांकडे थरथरणारं म्हणून एकच यंत्र होतं, नानींचं जुनं वॉशिंग मशीन. आक्रोड आणले, किंमत ऐकून नानी खुर्चीत बसल्या, सोसायटीतल्या मुलांनी गर खाल्ला, टरफलं कुटून मशीनमध्ये गेली आणि त्यांच्यासोबत देवघरातली नैवेद्याची वाटी. वाटी एका अंगाने खरोखर सोन्यासारखी निघाली. मशीनची नळी तुंबली ती खालच्या मजल्यापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत. नानी आता पुन्हा पितांबरी वापरतात.

इथवर गंमत होती. मग नानांनी प्रेस करायला टाकायचं ठरवलं. उल्हासनगरचा लौकिक तुम्हाला ठाऊक आहे. तिथे बनलेल्या वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या भागात लहान मुलांनाही पाठ. नानांनी गॅरेजमधल्या प्रेसचा फोटो एका लेथवाल्याला दाखवला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, दांड्याची जाडी बोटाने मोजली आणि म्हणाला, “अंकल, सेम टु सेम बना देंगे. यूएसए लिखना है क्या?” नाना हवेत तरंगतच घरी आले. सोसायटीत एक वकील राहतात, त्यांना लिफ्टमध्ये ही खुशखबर सांगितली.

वकिलांनी लिफ्ट थांबवली. तिथेच त्यांनी नानांना जे ऐकवलं त्याचा गोषवारा असा. शस्त्र अधिनियम, 1959. बंदूक आणि दारूगोळा बाळगायला परवाना लागतो हे सर्वांना माहीत असतं. पण दारूगोळा तयार करायला कलम 5खाली वेगळा परवाना लागतो, बाळगण्याच्या परवान्यावर तो मिळत नाही. आणि दारूगोळा म्हणजे काय, याची व्याख्या कलम 2मध्ये आहे. तीत दारूगोळ्याचे सुटे भाग येतात. आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते.

“म्हणजे प्रेस?” नानांनी विचारलं.

“प्रेस हाच दारूगोळा. आत काही भरलेलं नसलं तरी.”

“आणि शिक्षा?”

“2019च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं. जास्तीत जास्त जन्मठेप.”

मला वाटलं, इथे नाना खचतील. लेथवाल्याला फोन करून त्यांनी काम रद्द केलं हे खरं, आवाजही जरा कापत होता. पण रात्री ते खाली माझ्याकडे आले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. कायदा हा नवा विषय मिळाला होता! अडचण आली की सामान्य माणूस काम सोडतो. नाना काम सोडत नाहीत, अडचणीलाच काम करून टाकतात. वहीत नवं प्रकरण सुरू झालं. त्यात .303 बोअर प्रतिबंधित असल्यामुळे ती साध्या नागरिकाला मिळत नाही, म्हणून ईशापूरच्या कारखान्याची .315 स्पोर्टिंग रायफल लोक घेतात, हे आलं. नेमबाजांसाठी नियमांत थोड्या सवलती असतात, हेही आलं. आणि या शेवटच्या ओळीखाली नानांनी लाल पेनने दोनदा रेघ मारली.

1 ऑगस्ट 2024. पॅरिसला स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची. नानांना हे घरचं कार्य वाटलं. बदलापूर लोकलचा पास आयुष्यभर काढल्यामुळे मध्य रेल्वे त्यांना सासरसारखी. त्यांनी सोसायटीत पेढे वाटले आणि जाहीर केलं की मार्ग सापडला: आधी नेमबाज व्हायचं, मग रायफलीचा परवाना, मग काडतुसं भरण्याच्या परवान्याचा अर्ज. गच्चीवर मुलं जमवून त्यांनी व्याख्यान ठेवलं. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून अशा तीन अवस्था स्वतः करून दाखवल्या. पोटावरच्या अवस्थेतून त्यांना उठवायला दोघं लागली.

व्याख्यानाच्या शेवटी दहावीतल्या एका मुलीने हात वर केला. ही मुलगी दहा मीटर एअर रायफलचा सराव करते, शाळेतर्फे स्पर्धांना जाते, आणि बोलते कमी. ती म्हणाली, “नानाआजोबा, पण त्या रायफलीत .22 ची काडतुसं असतात ना? ती तर रिमफायर.”

नानांच्या वहीत रिमफायर नव्हतं.

तिने समजावून सांगितलं. .22च्या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतोच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आतून भरलेला असतो. पिन त्या कडेवरच आपटते, कड चेपते, पितळ पातळ, काम संपलं. ती पुंगळी परत भरायची सोय नाही. म्हणजे ऑलिंपिकच्या रायफलवाल्यांपैकी पन्नास मीटरवाले जी काडतुसं झाडतात ती घरी भरता येत नाहीत, आणि दहा मीटरवाल्यांना काडतुसंच लागत नाहीत, त्यांची हवा असते. बॉक्सर गेला आणि बर्डनही गेला. गच्चीवर शांतता पसरली. नाना मुलीकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, त्याला टोपण नव्हतं, आणि म्हणाले, “सावकाश सांग. रि-म-फा-य-र. कड किती जाड असते?”

त्यानंतर एकदा नाना कुडाळकडे मामांच्या गावी गेले. मामा नव्वदीला आलेले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. सिंधुदुर्गात अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, मतमोजणी झाली की परत येतात, आणि त्या मधल्या दिवसांत रानडुकरांची आचारसंहिता शिथिल असते. ठासणीच्या बंदुकीत पुंगळीची भानगडच नाही. दर बाराला नळीच्या तोंडातून भरायचं. म्हणजे आपल्या मुलखात खरोखर घरी बसून भरणारा कोणी असेल तर तो हा. नाना गेले तेव्हा मामा ओट्यावर बसून बंदूक पुसत होते. नानांनी वही उघडली. मामांनी तोपर्यंत शिंगातून दारू ओतली, काथ्याचा बोळा सारला, गजाने दोनदा ठासला, टोपी चढवली आणि भाताच्या कुणग्याच्या वर आकाशात बार काढला. माकडं पळाली. नाना अजून पेनाचं टोपण शोधत होते.

“मामा, दारू किती घेतलीत? ग्रेनमध्ये?”

“ग्रेन खयचो? हाताक कळता.”

“पण मोजायला नको?”

“अरे, डुकर काय तुझे ग्रेन मोजूक थांबता?”

हे उत्तर नानांनी वहीत लिहिलं, पण कंसात ‘अशास्त्रीय’ असा शेरा मारला. माझं मत विचाराल तर शास्त्र नानांच्या बाजूने आहे. हाताला कळतं म्हणणाऱ्यांच्या बंदुका फुटल्याच्या गोष्टी कोकणात गावोगाव ऐकायला मिळतात. फरक इतकाच की मामांचा बार झाला होता.

कुडाळहून आल्यावर नाना काही दिवस गप्प होते. नानींनी धसका घेतला, कारण नाना गप्प म्हणजे नवा विषय. आणि तो आला. एक दिवस त्यांनी त्या दहावीतल्या मुलीला जिन्यात गाठलं आणि छर्ऱ्यांबद्दल विचारलं. एअर रायफलीचा छर्रा शिशाचा, व्यास साडेचार मिलिमीटर, वजन साधारण अर्धा ग्रॅम. स्पर्धेच्या छर्ऱ्यांचा डबा 500चा. या रायफलीची नळी .177 इंचाहून मोठी नसेल आणि जोर वीस जूलच्या आत असेल तर 2016च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. भरायचं काही नाही. दारू नाही, प्रायमर नाही, पुंगळी नाही. पण दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर. साठ नेम, सव्वा तास. अशा ठिकाणी एका छर्ऱ्याचं वजन दुसऱ्यापेक्षा केसभर जास्त असून चालेल का?

नानांनी फ्रिजवरून काटा उतरवला.

तेव्हापासून दर शनिवारी ती मुलगी डबा आणून देते आणि रविवारी संध्याकाळी घेऊन जाते. नाना पंखा बंद करून एकेक छर्रा तोलतात. कडा दुमडलेला, खरवडलेला बाजूला. बाकीचे वजनाप्रमाणे तीन वाट्यांत. एक वाटी नैवेद्याची, तीच ती एका अंगाने चकाकणारी. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हा नियम मुलीने घालून दिला आहे आणि नानींनी तो अमलात आणला आहे. हात धुतल्याशिवाय चहा मिळत नाही.

मुलीच्या प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की तोलण्यापेक्षा वेगवेगळ्या लॉटचे छर्रे त्याच बंदुकीतून झाडून बघावेत आणि जो लॉट कागदावर कमी पसरतो तोच घ्यावा. मोठे नेमबाज तसंच करतात. मुलीने हे नानांना सांगितलं नाही, मला सांगितलं. मी विचारलं, मग डबा का देतेस? ती म्हणाली, “त्यांनी निवडलेले छर्रे मी सरावाला वापरते. काही बिघडत नाही. आणि नानाआजोबा दर डब्यात खराब निघालेले मोजून चिठ्ठी ठेवतात, त्या मी जपून ठेवल्या आहेत.” त्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. तारीख, डब्याचा लॉट क्रमांक, बाद छर्रे, शेरा. टाइम ऑफिसातल्या उशीर-नोंदीचाच नमुना, खाली सही. आणि गंमत म्हणजे नानांनी पूर्ण केलेलं हे पहिलंच काम असावं. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि कोणी लक्षात आणून देऊ नये अशी नानींची सक्त ताकीद आहे. आलं की सोडून देतील.

काडतुसांची वही मात्र बंद झालेली नाही. तेव्हा घरी काडतुसं कशी भरतात हे तुम्हाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी खुशाल या. अंबरनाथला उतरा आणि रिक्षा करा, आमच्या स्टेशनच्या भरवशावर राहू नका. परवाना लागत नाही, कारण नानांची शिकवणी रव्याच्या पुढे जात नाही. फक्त येताना अर्धा किलो बारीक रवा आणि पेनांची टोपणं घेऊन या. आप्पेपात्र नानी आता देत नाहीत.